ओला दोर

आत्या, शेवटच्या दिवशी तू विचारलं नाहीस.

मी उशीखाली हात घालून तुझी मान जरा वर केली, पेला ओठांशी धरला आणि थांबलो. रोज तू आधी विचारायचीस, मग प्यायचीस. "विहिरीचंच ना रे, गणू?" मी "हो" म्हणायचो, तू मान डोलवायचीस, मगच घोट घ्यायचीस. त्या दिवशी तू नुसतीच प्यालीस. थोडं पोटात गेलं, बाकीचं हनुवटीवरून ओघळलं, ते मी पुसलं. माझा "हो" तोंडातल्या तोंडात राहिला.

पाणी नळाचं होतं.

एवढं एक वाक्य लिहायला तुझं मरण यावं लागलं. आणि ते त्या दिवशीचंच होतं असंही नाही. शेजारची येसू गेली त्या वर्षापासून तुझ्या कळशीत विहिरीचा थेंब पडलेला नाही.

घरी लोक भेटायला येतात. तुझं सोवळं, तुझे उपास, तुझा करडा आवाज, सगळ्याची उजळणी होते. परवा एक गृहस्थ म्हणाले, "टेंभी नाक्यावर विहिरीचं पाणी पिणारी शेवटची बाई गेली हो." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मला भरून आलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "रोज पहाटे ओलेत्याने आत्याचं पाणी भरावं तर गणपतरावांनी! पोटच्या मुलाने केलं नसतं." मी त्यांना सुपारी पुढे केली.

तू मला वाढवलंस, हे लिहायची गरज नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी नळाच्या कामावर लागलो तेव्हा घरात कोण रडलं असेल तर तू नाहीस, माझे काका. भटाभिक्षुकांच्या घरातला मुलगा, मॅट्रिकपर्यंत शिकलेला, आणि माजिवड्यापलीकडे डोंगराच्या कडेला फावडं घेऊन उभा राहणार! तू त्यांना म्हणालीस, "नोकरी करतोय, दरोडा घालत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणालीस, "पण घरात पाऊल टाकायच्या आधी आंघोळ. अंगणातच. समजलं ना, नळोबा?" तेव्हापासून जरा चिडलीस की मी नळोबा.

मी हाताखालचा चावीवाला होतो. हुद्द्यात त्याहून खाली कोणी नसे. तलावाचं पाणी मोठ्या हौदात येई. हौदाच्या तळाशी दगडगोटे, त्यावर खडी, त्यावर वाळू. पाणी वाळूतून झिरपून खाली उतरायचं आणि खालच्या नळाने शहरात यायचं. आमचं काम चाव्या पिळायचं, आणि पाणी उतरेनासं झालं की हौद रिकामा करून वाळूचा वरचा पातळ थर खरवडून काढायचा, धुवायचा, वाळत टाकायचा. तू एकदा जेवायला वाढताना विचारलंस, "दिवसभर करतोस तरी काय?"

"वाळू धुतो."

"वाळू?" पळी हवेतच राहिली. "अरे, वाळू का कोणी धुतं? उद्या माती धुशील."

मी समजावून सांगितलं. वाळूवर दिवसेंदिवस एक बुळबुळीत थर धरतो, दुधावर साय धरावी तसा. गाळण खरी तोच करतो. म्हणून तो उगाच खरवडायचा नाही. आणि खरवडलाच तर नव्याने थर धरेपर्यंत खालून येणारं पाणी शहराला द्यायचं नाही, नाल्यात सोडून द्यायचं.

तू थोडा विचार केलास. "म्हणजे घाणीनेच घाण अडवता म्हणा की."

"तसंच काहीसं."

"छान," तू म्हणालीस. "आणि हे लोकांनी प्यायचं."

आपला वाद तिथून सुरू झाला आणि तुझ्या बाजूने तो कधी संपला नाही. गल्लीच्या तोंडाशी नळकोंडाळं बसलं, लोक आधी लांबून बघायला जमले, मग हातपाय धुवायला, मग गुपचूप घागरी भरायला. तू मला समोर बसवून विचारलंस, "गणू, खरं सांग. तोटीत चामडं असतं म्हणतात. असतं?"

मी त्या वेळी खोटं बोललो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि चामड्याच्या चकत्या मी स्वतः कापून, तेलात भिजवून चाव्यांत बसवत होतो. मी म्हणालो, "असतं. चकती असते. त्याशिवाय पाणी अडत नाही."

"मग संपलं."

"आत्या, रस्त्यावर भिस्ती चामड्याच्या पखालीने पाणी शिंपडतो. त्यावरून तू चालतेस ना?"

"चालते. पीत नाही."



मग तुझे गुडघे धरले. विहिरीच्या पायऱ्या तुला होईनात. घरात मुलगा नाही, सून नाही, माझंही लग्न व्हायचं होतं. आठवडाभर तू कोणालाच सांगितलं नाहीस. भिंत धरत जायचीस, अर्धी कळशी आणायचीस, ती दिवसभर पुरवायचीस. एके दिवशी मला म्हणालीस, "आंघोळ करून ओलेत्याने आणशील? वाटेत कोणाला शिवायचं नाही. बोलायचं नाही." मी हो म्हणालो. तू तुझा पोहरा आणि तुझा दोर माझ्या हातात दिलास. तुझ्या वस्तूंना तू कधी कोणाला हात लावू दिला नव्हतास. नोकरी लागल्याचा आनंद मला जेवढा झाला नव्हता तेवढा त्या सकाळी झाला.

काही महिने मी खरंच विहिरीचं पाणी आणलं. हे तुझ्या हिशेबात माझ्या बाजूने मांड, मांडायचं असलं तर.

पटकीची साथ उन्हाळ्याच्या अखेरीस आली. पाणी तळाला गेलेलं. त्या सकाळी मी विहिरीवर गेलो तर जोत्यावर एक बाई धोतरं आणि गोधड्या धूत होती. तिच्या घरातला माणूस आदल्या दिवशी पटकीने गेला होता, हे मला माहीत होतं. ती रडत रडत धूत होती. तिला काय बोलणार? जोत्याच्या दगडांना फटी होत्या आणि धुणं त्या फटींतून परत विहिरीतच झिरपत होतं. वाळूतून पाणी कसं उतरतं ते बघण्यातच माझे दिवस जायचे. तिथे वाळू नव्हती.

मी रिकामी कळशी घेऊन परत फिरलो आणि नळकोंडाळ्यावर गेलो. अजून उजाडलेलं नव्हतं. कळशी भरली. घराच्या वळणावर आलो तेव्हा लक्षात आलं की दोर कोरडा आहे. तू दोर दांडीवर वाळत घालायचीस. तुला तो कोरडा दिसला असता तर तू कळशीला हात लावला नसतास. कळशी पारावर ठेवून मी पुन्हा विहिरीवर गेलो, पोहरा न बांधता दोर तळापर्यंत सोडला, भिजवला, वर काढला आणि घरी आलो.

"विहिरीचंच ना रे, गणू?"

"हो."

तू दोर घेतलास, पिळलास, दांडीवर घातलास.

मी त्याच दिवशी ओव्हरसियरला सांगितलं. विहिरीत चुना टाकला गेला. गल्लीतही मी सांगितलं की काही दिवस विहिरीचं पाणी पिऊ नका. कोणी ऐकलं, कोणी हसलं. नळवाला नळाचीच जाहिरात करणार, असं म्हणाले. शेजारच्या येसूने ऐकलं. ती नळाचं भरू लागली. तुला मात्र मी सांगितलं नाही. तू ऐकणार नाहीस हे मला ठाऊक होतं. तू म्हणाली असतीस की पटकी देवीच्या मर्जीने येते, चामडं माणूस आपल्या मर्जीने तोंडात घेतो. मला वाटलं, साथ ओसरू दे, मग पुन्हा विहिरीचं आणू, कोणाला कळणारही नाही.

तुला काही कळलं होतं का? एकदा तू म्हणालीस, "हल्ली डाळ लवकर शिजते." विहिरीचं पाणी मचूळ, त्यात डाळ तासन्‌तास नाचायची. तलावाचं पाणी मऊ. मी म्हणालो, "चुना टाकलाय ना, त्याने असेल." तू "असेल" म्हणालीस. तुझ्या त्या "असेल"मध्ये काही होतं की नव्हतं, यावर मी पुढे कितीदा विचार केला.

आता येसूचं.

मी ओसरीला लागून असलेल्या खोलीत जेवत होतो. तू दारात बसून तांदूळ निवडत होतीस. येसू आली. कडेवर गोदी, नुकती बोलायला लागलेली. येसूला तू आवडायचीस, आणि तुझ्या जिभेपुढे तीही कमी नव्हती. ती म्हणाली, "आत्याबाई, मी नळाचं पाणी पिते म्हणून माझ्या हातचं पान खायला लाजताय होय? काल सुपारीसुद्धा घेतली नाहीत."

"लाजत नाही. मळमळतं," तू म्हणालीस.

ती हसली. "तुमचा भाचाच सांगतो नळाचं प्या म्हणून."

"त्याला त्याचा पगार मिळतो तसं बोलायचा. माझ्याकडे बघ. साथ लागल्यापासून रोज विहिरीचं पितेय. मला काय झालंय? शिंक तरी आली का?"

"खरंच की हो."

"मग? देवाने दिलेली विहीर सोडून चामड्याचं पाणी कशाला पोरीच्या तोंडात घालतेस?"

येसूने गोदीला खाली ठेवलं. मग म्हणाली, "मलाही ते पाणी गोड लागत नाही. जाऊ दे, उद्यापासून विहिरीचंच आणते. तुम्हाला चालतं तर मला काय होतंय?"

माझ्या तोंडात घास होता. आत्या, मी तो गिळला. तोंड मोकळं झालं. येसू अजून दारातच होती, गोदीच्या हातातून तांदूळ सोडवत. मी मोठ्याने एक वाक्य बोलायचं होतं. बोललो नाही. पुन्हा ताक-भात कालवला.

पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगितलं की तुझा धर्म मोडला हे कळून तू अन्न सोडशील याची मला भीती वाटली. ते तितकंसं खरं नाही. भीती साधी होती. तू माझ्या हातून कळशी काढून घेशील, पुन्हा कधी दोर माझ्या हातात देणार नाहीस, ही. घरातलं सगळ्यात सोवळं काम माझ्याकडे होतं, नळोबाकडे. ते मला जपायचं होतं. शिवाय मी मनाशी म्हटलं, चुना टाकलाय, साथ उतरतेय, एवढ्यात काय होतंय. म्हणजे येसू जे बोलली तेच.

पुढच्याच आठवड्यात येसू गेली. सकाळी ओसरी सारवत होती, दिवेलागणीला नव्हती. गोदीला त्या दिवसांत ताप होता म्हणून तिला उकळलेलं पाणी देत होते. ती वाचली.

तू त्यांच्या दारात जाऊन उभी राहिलीस. परत आलीस आणि म्हणालीस, "मीच सांगितलं तिला." मग उंबऱ्यावर बसलीस. "मी प्याले, मला काही नाही. ती प्याली आणि गेली. असं कसं रे, गणू?"

मला विचारलंस. सरळ मला विचारलंस.

मी म्हणालो, "ज्याचं त्याचं नशीब."

त्या दिवसानंतर तू गल्लीत कोणाला कसला सल्ला दिला नाहीस. बाळंतिणीला काय द्यावं, लोणचं का बुरसलं, सोयरीक करावी की नाही, बायका विचारायला यायच्या आणि तू म्हणायचीस, "मला काय ठाऊक, बाई." लोक म्हणाले, वयाने मऊ झाली. मला माहीत होतं, काय झालं होतं ते. एका शब्दाने तुझ्यावरचं ओझं माझ्यावर आलं असतं. रोज पहाटे ओलेत्याने चालताना मी तो शब्द म्हणून बघायचो आणि नळकोंडाळं आलं की कळशी तोटीखाली धरायचो.

का नाही परत विहिरीचं आणलं? आणता आलं असतं. साथ गेली, विहीर उपसली, लोक पुन्हा पिऊ लागले. पण येसूनंतर माझ्याच्याने त्या विहिरीतून प्यायचं पाणी काढवेना. दोर मात्र रोज बुडवून आणायचो. माझं लग्न झालं, बायको म्हणाली, आता आत्यांचं पाणी मी भरते. मी तिच्यावर ओरडलो. कधी नव्हे ते ओरडलो म्हणून ती घाबरली आणि मग गल्लीभर सांगत सुटली की यांची आत्यावर केवढी भक्ती! हळूहळू घरोघर नळ आले. विहिरीवर कोणी फिरकेना. तू एकटीच राहिलीस, विहिरीचं पिणारी. आणि मी, दोर भिजवणारा.

येसूच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं आणि गोदी कल्याणला मामाकडे वाढली. तू दर उन्हाळ्यात तिच्याकडे जायचीस. गुडघे तसले, तरी आगगाडीत बसायचीस, मांडीवर सांडग्यांचा डबा. तुझं पाणी बरोबर न्यायचीस, मी भरून दिलेलं. एकदा मी बरोबर होतो, परतताना डोंबिवलीला गाडी बराच वेळ अडकली. बाहेर नुसती भातखाचरं आणि चार घरं. तू खिडकीतून बघत म्हणालीस, "पोरगी हसते अगदी येसूसारखी. मला बघून हसते, गणू. मला." मी म्हणालो, "पाणी देऊ?" तू विचारलंस, "विहिरीचंच ना?"

तू गेल्याचं कळल्यावर गोदी आली. आता दोन मुलांची आई आहे. तुझ्या खोलीत बसून खूप रडली. म्हणाली, "आत्याआजीने मला आईची आठवण दिली. मामीने कधी आईचं नावसुद्धा काढलं नाही." मी दाराशी उभा होतो. पुन्हा तशीच वेळ होती, कोणी बोलत होतं आणि मी ऐकत होतो. या वेळी माझ्या तोंडात घास नव्हता. मी आत जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. चामडं, जोतं, दोर, तांदूळ निवडतानाचं बोलणं.

ती आधी ऐकत राहिली, मग तिचं रडणं थांबलं. मला वाटलं होतं, ती तुझ्याबद्दल काही विचारेल. आत्याआजीचा दोष नव्हता तर, असं काही.

ती म्हणाली, "गणूकाका, तुम्ही आत्याआजीसाठी रोज नळाची कळशी आणत होता."

"हो."

"आमचं दार शेजारचंच होतं ना?"

"हो."

"मग त्या आठवड्यात एक कळशी आमच्या दारात का नाही ठेवलीत? बोलायचं नव्हतं तर नव्हतं. नुसती ठेवायची. आई फुकटचं भरलेलं पाणी कशाला ओतून देईल?"

आत्या, इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी बोलावं की न बोलावं एवढ्यातच अडकलो होतो. तुझं सोवळं, माझी लबाडी, तुझं दुःख, माझं मौन, सगळं तुझ्यामाझ्यातलं. येसू त्यात कुठेच नव्हती. ती फक्त मेली होती.

मी गोदीला म्हणालो, "सुचलं नाही."

माझ्या बायकोने पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढे ठेवला. गोदीने त्याकडे पाहिलं, पदर सावरला, उठली. "गाडीची वेळ झाली," म्हणाली. तांब्या भरलेलाच राहिला. बायकोने मला विचारलं, "न पिताच गेली?" मी म्हणालो, "घाईत होती." बघ, सवय जात नाही.

दहाव्याला मी पहाटे उठलो, आंघोळ केली आणि ओलेत्याने विहिरीवर गेलो. रहाट मोडून पडलाय. जोत्याच्या फटींत पिंपळ उगवलेत. पोहरा बांधायला दोर हातात घेतला तर पीळ सुटत होता. रोज भिजला, इतक्या वर्षांत भार उचललाच नाही. आतून कुजला होता. भरलेला पोहरा त्याने पेलला नसता. मग तुझा लहान तांब्या बांधला, हळू सोडला, हळू वर ओढला. निम्मं पाणी हिंदकळून परत गेलं. एक घोट मी घेतला. मचूळ. ही चव मी विसरलो होतो, आणि तुलाही ती कशी विसरता आली, हा प्रश्न आता कोणाला विचारू?

तळ्याकाठी भटजींनी तयारी केली होती. माझ्या हातातला तांब्या बघून म्हणाले, "अहो गणपतराव, समोर एवढं तळं आहे, घरून कशाला वाहून आणलंत?"

"आणलंय खरं."

"कुठलं आहे?"

"विहिरीचं," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. अगदी तू डोलवायचीस तशीच.